पाटीच्या भावात घेतलेलं नाव

शैला, तू मला फसवलंस.

आजवर दुसऱ्या कोणाला ते जमलं नाही. भोपाळच्या अशोका गार्डनमध्ये नळाच्या सामानाचं दुकान चालवताना पाईपवाल्यांनी, टाकीवाल्यांनी, ठेकेदारांनी सगळ्यांनी प्रयत्न करून पाहिले आणि चहा पिऊन परत गेले. फसवलंस ते तू. माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर बसलेल्या विमा एजंटासमोर, मी त्याच घरात उभा असताना. आणि मग निघून गेलीस. म्हणजे भांडायलाही कोणी ठेवलं नाहीस.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर दोन पानं लिहा, असं मंडळाच्या लोकांनी सांगितलं आहे. जन्म, शिक्षण, आवडीनिवडी, संक्रांतीच्या हळदीकुंकवातला तुझा उत्साह. ते मी लिहिणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. मला तुझ्याशी बोलायचं आहे, आणि तू समोर असतीस तर ज्या आवाजात बोललो असतो त्याच आवाजात. फक्त तो आवाज अजून नीट निघत नाही. रडू येत नाही. राग येतो, तोही अर्ध्यावर थांबतो. नळ उघडावा आणि पाण्याऐवजी नुसती हवा फुसफुसावी, तसं काहीतरी आत चाललं आहे.

त्या दिवशी सकाळी तू चहा गाळत होतीस. "अहो, हात जड झालाय," म्हणालीस.

"मग पातेलं खाली ठेव," मी म्हणालो.

एवढंच. इतक्या वर्षांच्या संसारातलं आपलं शेवटचं बोलणं पातेल्याबद्दल झालं. दवाखान्यात डॉक्टरांनी मेंदूतल्या रक्तस्रावाबद्दल काय काय सांगितलं, मी मान हलवत राहिलो, आणि संध्याकाळी त्यांनी सांगायचं थांबवलं.

विश्रामघाटावर मी तुझ्या चितेच्या लाकडांचा भाव केला. हे तुला कोणी सांगणार नाही म्हणून मीच सांगतो. "भैया, माल गीला है, सूखे का रेट कैसे लगा रहे हो?" असं मी त्या माणसाला म्हणालो. गौरीने माझं मनगट धरलं. "बाबा, प्लीज." आपली लेक अशी कधी माझ्याकडे बघत नाही. तरी मी थांबलो नाही. तोंड आपोआप चालू होतं. त्याने भाव कमी केला आणि मला काहीच वाटलं नाही. जिंकल्यावर मला काही वाटलं नाही, असं पहिल्यांदाच झालं.

तेवढ्यात तुझा भाऊ विलास अमरावतीहून पोचला. गाडीतून उतरला तो सरळ तुझ्याजवळ आला आणि मोठ्याने ओरडला, "कुंदाताई!"

सगळे इकडेतिकडे बघायला लागले. शेजारच्या वर्माभाभींनी गौरीला हळूच विचारलं, "कुंदा कौन हैं? उनकी बहन?"

या लेखाचं सगळं भांडण त्या हाकेत आहे. म्हणून ते पहिल्यापासून सांगतो, कारण अंक वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना ठाऊक नाही, आणि उरलेल्यांना तू तुझ्या बाजूने सांगितलं असणार.

लग्नाआधी मी दुकान घेतलं. बाप कारखान्यात फिटर, इंद्रपुरीत क्वार्टर, त्याच्या पगारातून मला एक नटबोल्टही मिळालेला नाही. सगळं मी उभं केलं. दुकान झालं, पण पाटीला पैसे उरले नव्हते. पेंटरकडे एक तयार पाटी पडून होती. कोणीतरी रंगवून घेतली आणि न्यायला आलाच नाही. हिरव्या पत्र्यावर पिवळ्या अक्षरांत "शैला ट्रेडर्स". मी ती घासाघीस करून अर्ध्याहून कमी भावात उचलली. पत्रा जाड होता. अजून गंजलेला नाही.

मग लोक विचारायला लागले, "भाईसाहब, शैला कौन?" इथे दुकानाला आईचं नाव देतात, बायकोचं देतात. माझी आई सुमन, आणि लग्न झालेलं नव्हतं. तेव्हा तुझं स्थळ आलं. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतातच. नाव कोणतं ठेवायचं, आईने विचारलं. मी म्हणालो, शैला. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने मी ते लिहिलं. फोटो काढणारा म्हणाला, एक मिनिट, रीळ बदलतो. तेवढ्यात तू तळहाताने तांदूळ सारखे करून टाकलेस. सगळे हसले. मला परत लिहावं लागलं.

पाटीची गोष्ट तुला खूप उशिरा कळली. कोणी सांगितली ते तू शेवटपर्यंत सांगितलं नाहीस. मी जेवायला बसलो होतो.

"माझं नाव तुम्ही पाटीच्या भावात घेतलंत," तू म्हणालीस.

"नाव चांगलं आहे."

"चांगलंच आहे. कोणाचं होतं?"

"मला काय माहीत? पेंटरला विचार."

"पाटी बदला."

"पाटी बदलली तर गिऱ्हाईक जाईल. लोक नावाने ओळखतात."

"मलाही ओळखत होते लोक नावाने," तू म्हणालीस आणि वरण वाढलंस. आणि मग, "ते ताटातले तांदूळ मी दुसऱ्या दिवशी शिजवून तुम्हालाच वाढले होते. पोटात आहे ते नाव तुमच्या, माझ्याजवळ नाही."

तिथे भांडण संपलं असं मी धरलं होतं. तू वाढायचं थांबवलं नाहीस, मी जेवायचं थांबवलं नाही. भांडण संपलं की नाही, हे ओळखण्याची माझ्याकडे दुसरी खूण नव्हती.

आता विम्याचं. सक्सेना एजंट घरी आला तो माझा विमा काढायला. मी मेलो तर तुला आणि गौरीला रक्कम मिळावी, एवढाच हेतू. हप्त्यावरून मी त्याला सोडत नव्हतो. विमा हा एकच सौदा असा आहे, ज्यात गिऱ्हाईक जिंकतं तेव्हा ते जिवंत नसतं. म्हणून आधीच पिळून घ्यावं लागतं. तू चहा ठेवलास आणि गेली नाहीस.

"आणि मी गेले तर?"

"तू कुठे कमावतेस?" मी विचारलं. त्यात चूक काही नव्हतं. विमा कमाईचा असतो, असं सक्सेनानेच मला अर्धा तास समजावलं होतं.

"बरं," तू म्हणालीस. "मग लिहा. स्वयंपाकाला बाई. तुमच्या आईच्या औषधपाण्याला बाई. तुम्ही नसताना दुकानाचे फोन घ्यायला माणूस. आणि तुमचं ओरडणं ऐकायला कोणी मिळतं का बघा. तो सगळ्यात महाग पडेल."

सक्सेना हसला. "भाभीजी की बात में दम है." मग त्याने सांगितलं की घर सांभाळणाऱ्या बाईचाही विमा निघतो, पण नवऱ्याच्या विम्याला जोडून, आणि रक्कम त्याच्याहून कमी. आईला घेता येणार नाही, वय उलटलं. गौरीला घेण्याची गरज नाही, कारण तिच्या जिवावर अजून कोणी जगत नाही.

"म्हणजे ज्याच्या जाण्याने घर अडतं, त्याचा विमा," मी म्हणालो.

"बिल्कुल."

"मग माझाच आधी लिहा," तू म्हणालीस.

मी सक्सेनाला म्हटलं, "ठीक है, इनका फ्री में डाल दो."

"भाईसाहब, बीमा है, धनिया नहीं है कि सब्ज़ी के ऊपर से डाल दूँ."

तू दाराची चौकट धरून हसलीस. तुझं ते हसणं मला आठवतं. खरं सांगायचं तर गेल्या काही दिवसांत मला जे थोडंफार नीट आठवतं, त्यात ते एक आहे.

मग माझा फोन वाजला. टाकीवाल्याने तडे गेलेला माल पाठवला होता. मी गॅलरीत जाऊन त्याला धुतला. दार उघडं होतं, हे मला मान्य आहे. सक्सेनाने तुला नाव विचारलं असेल, तू सांगितलं असेल, तोवर माझा आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला होता. परत आलो, सही केली. मी रकमा वाचल्या, अटी वाचल्या, कशात पैसे मिळत नाहीत ते बारीक अक्षरांतलं दोनदा वाचलं. स्वतःच्या बायकोचं नाव कोण वाचतं?

तू गेल्यावर मी महाराणा प्रताप नगरच्या विमा ऑफिसात गेलो. मला पैशांची नड नाही. पण माझी वस्तू मी कोणाकडे सोडत नाही. काउंटरवर एक तरुण मुलगी होती. कागद बघून म्हणाली, "सर, कुंदाजी आपकी कौन थीं?"

"कौन कुंदा?"

"पॉलिसी तो कुंदाजी की है."

"मेरी पत्नी शैला थी."

"वही तो. मृत्यु प्रमाणपत्र शैलाजी का है. तो कुंदाजी कौन?"

"वो भी वही."

मागे रांगेत एक म्हातारेबाबा उभे होते. "को खाँ, दो-दो?" म्हणाले, म्हणजे काय खाँसाहेब, दोन-दोन बायका? रांग हसली.

माझं डोकं फिरलं. तुला माहीत आहे कसं फिरतं. मी काउंटरवर हात आपटला, मॅनेजरला बोलवा म्हणालो, अजून बरंच म्हणालो. ती मुलगी घाबरली नाही. तिने मला थांबू दिलं आणि साधं विचारलं, "सर, हमारे में शादी के बाद सरनेम बदलता है. नाम थोड़ी बदलता है. आपके में क्यों बदलते हैं?"

भाव का वाढला, माल का उशिरा आला, उधारी का नाही, सगळ्या "का"ला माझ्याकडे उत्तर असतं. 

मी खिशातून फोन काढला आणि त्याच्याकडे बघत राहिलो. कारण मी दुकानात असा आवाज चढवला की तुझा फोन यायचा. तुला कोण कळवायचं, समोरचा चहावाला की अजून कोणी, मला कधी समजलं नाही. गिऱ्हाईक समोर लाल झालेलं, मी त्याहून लाल, आणि तू विचारायचीस, "अहो, तूर करू की मूग?" मी ओरडायचो, "काहीही कर!" पण तेवढ्यात सुटलेला धागा परत सापडायचा नाही. गिऱ्हाईकही हसायचं. किती सौदे तू असे वाचवलेस, ते मी तुला कधी बोललो नाही. आता इथे लिहिलं. महाराणा प्रताप नगरात मी फोन हातात धरून उभा होतो आणि तो वाजला नाही. मग मागचा माणूस म्हणाला, "भाईसाहब, हो गया हो तो..." आणि मी बाजूला झालो.

सक्सेनाला फोन केला. तो म्हणाला, "भाईसाहब, मैंने पूछा था. बाकी सब काग़ज़ शैला के हैं, यहाँ कुंदा क्यों? भाभीजी बोलीं, दसवीं की मार्कशीट में यही है, उम्र का सबूत भी यही है. और बोलीं, इनको पता है."

इनको पता है. हीच ती फसवणूक. मला माहीत नव्हतं. तू माझ्या नावावर बोललीस, मी गॅलरीत असताना.

घरी येऊन गौरीवर ओरडलो. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली.

"बाबा, मला माहीत होतं," म्हणाली. "आईने सांगितलं होतं. हसत सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"म्हणाली, तुझे बाबा पैसे सोडणारे नाहीत. मी गेले की जातील काउंटरवर. आणि पैसे हवे असतील तर चारचौघांत उभं राहून त्यांना मला कुंदा म्हणावं लागेल."

"आणि मी आधी गेलो असतो तर?"

"मी पण विचारलं. म्हणाली, मग फुकट गेला माझा डाव. मग आपण दोघी मिळून हसू."

मी खुर्चीवर बसलो. गौरीने पाणी दिलं. मी म्हणालो, "तुला नाही वाटलं मला सांगावं?" ती म्हणाली, "तुम्ही आईला एकदा कुंदा म्हणाला असतात, तर मी लगेच सांगितलं असतं."

शैला, मी आयुष्यभर सौदे केले. समोरच्याची नड ओळखायची, आपली नड झाकायची आणि वाट बघायची, हे मी धक्के खाऊन शिकलो. तू शिकलीस ते माझ्या शेजारी बसून. माझी नड ओळखलीस, तुझी झाकलीस. आणि वाट बघायला मरण धरलंस. असला डाव समोर कोणी टाकला असता तर मी उठून त्याच्याशी हात मिळवला असता.

तर ऑफिसला आता शपथपत्र हवं आहे, की शैला आणि कुंदा या दोन नावांची बाई एकच. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडे गेलो. त्याने माझं नाव, पत्ता, सगळं भराभर टाइप केलं आणि हात थांबवला.

"पहले कौन सा लिखूँ? शैला उर्फ कुंदा, या कुंदा उर्फ शैला?"

"फ़र्क क्या पड़ता है?"

"काम तो दोनों से हो जाएगा. जो असली हो वो पहले बोल दो."

मी त्याला म्हणालो, उद्या येतो. त्याने अर्ध्या कामाचे पैसे मागितले आणि मी घासाघीस न करता दिले. तो माझ्याकडे बघत राहिला. तो मला ओळखतो.

विलासला फोन केला. लग्नाआधीपासून ओळखणारा साक्षीदार लागतो. "मी सही करतो, भाऊजी," तो म्हणाला. "तुम्ही आगेमागे काय लिहायचं ते लिहा. मी कुंदाताईचा भाऊ म्हणून सही करणार." त्याच्याशी मी भांडलो नाही. गौरीला विचारलं, तर म्हणाली, "बाबा, हे तुम्हीच ठरवा." तुझ्यासारखंच म्हणाली. म्हणजे तिने आधीच ठरवलेलं आहे, आणि मी ते शोधून काढायचं आहे.

त्या दिवसापासून अडकलो आहे. एका शब्दाच्या अलीकडे कोण आणि पलीकडे कोण.

शैला मला माहीत आहे. शैला तापात असतानाही फोनवर ठेकेदारांशी गोड बोलायची. माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं शैलाने केलं, मी नाही. शैलाच्या हातची डाळ मला इथे कुठे मिळणार नाही. कुंदाला मी एकदाच भेटलो, तिला बघायला अमरावतीला गेलो तेव्हा. सगळे माझ्या दुकानाबद्दल विचारत होते. ती एकटी म्हणाली, "भोपाळला मराठी पुस्तकं मिळतात का?" मी म्हणालो, "सगळं मिळतं." गिऱ्हाईकाला नाही म्हणायचं नसतं. मिळत नव्हती. तू नंतर कधी त्याबद्दल विचारलं नाहीस, म्हणून मी समजलो की तेही मिटलं.

मी चुकलो असं मी इथे लिहिणार नाही. पाटी स्वस्त होती आणि मजबूत होती. नाव बदलणं ही आपली रीत होती. माझ्या बापाने बदललं, तुझ्या बापाने तुझ्या आईचं बदललं, त्यांना जाऊन कोणी विचारलं नाही. मलाच का? पण सौद्यात मी काही बोलेन, शपथेवर खोटं लिहीत नाही. आणि शपथेवर मला लिहायचं आहे की या दोघी एकच होत्या.

होत्या का? मी "शैला" म्हणून हाक मारायचो आणि तू आतून "आले" म्हणायचीस. रोज म्हणायचीस. ती कोण यायची? का दर वेळी कुंदा आत राहायची आणि शैलाला बाहेर पाठवायची, दुकानात मी माणूस पाठवतो तशी?

हे सक्सेनाला सांगता येणार नाही, विलासला नाही, काउंटरवरच्या त्या पोरीला नाही. ठाऊक फक्त तुला आहे. एवढा डाव टाकून तू निघून गेलीस, हे धंद्यात चालत नाही. डाव टाकणाऱ्याने समोर बसायचं असतं.

दुकानाचं शटर अर्धं वर करून मी आत बसलो आहे. पाटी डोक्यावर आहे. कागद अजून टायपिस्टकडे अर्धा पडला आहे, आणि तो मी आज पुरा करणार आहे. फोन समोर ठेवला आहे. तूर की मूग विचारू नकोस. उर्फच्या आधी कोण, तेवढं सांग.

कुंदा, मी तुला विचारतो आहे. उत्तर दे.